कूलर सुरू असताना मॅच: टीव्हीचा ऑटो व्हॉल्यूम बरा की साऊंडबार?

आयपीएल येतं नेमकं एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नागपुरात कूलरला उसंत नसते त्या दिवसांत. खिडकीतला कूलर फुल स्पीडवर असला की कॉमेंटेटर पुटपुटल्यासारखा वाटतो, म्हणून आवाज वाढवायचा. तेवढ्यात सिक्स बसतो, स्टेडियम दणाणतं, पाठोपाठ जाहिरात आदळते आणि आतल्या खोलीतून 'आवाज कमी करा रे' सुरू होतं. यावर आमच्या घरी दोन उपाय वापरून झालेत: टीव्हीच्या सेटिंगमधला ऑटो व्हॉल्यूम आणि मधला स्पीकर असलेला साऊंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकरसंच. हेडफोनचा विचार मी बाजूलाच ठेवतो. एकट्यानं मॅच पाहणाऱ्याचं त्यावर भागतं, पण बाबांसोबत मॅच पाहायची तर अर्धी मजा मध्येमध्ये बोलण्यात असते.

आधी एक गोष्ट वेगळी काढायला हवी. आपण सरसकट 'आवाज वरखाली होतो' म्हणतो, पण दुखणी दोन आहेत. एक, जाहिराती मॅचपेक्षा मोठ्या वाजतात. दुसरं, मॅचमध्येच गर्दी कॉमेंट्रीला खाते. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि निवड बरीचशी यावरच ठरते.

जाहिरातीचं साधं आहे. तिचा सर्वांत मोठा आवाज मॅचच्या सर्वांत मोठ्या आवाजाइतकाच असू शकतो. पण मॅचमध्ये तो अधूनमधून येतो, जाहिरातीत तीस सेकंद सलग. कानाला जाणवते ती सरासरी. युरोपातल्या प्रसारकांनी २०१० मध्ये याच सरासरीवर बोट ठेवून उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) ही पातळी ठरवली. आपल्याकडे केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मध्ये जाहिरात प्रमाणाबाहेर 'लाऊड' नसावी एवढं म्हटलंय, आकडा दिलेला नाही. प्रमाणाबाहेर म्हणजे किती, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

इथे ऑटो व्हॉल्यूम खरोखर कामाचा. कुठे त्याला व्हॉल्यूम लेव्हलिंग म्हणतात, कुठे नाइट मोड. मोठा आवाज दाबायचा, बारीक आवाज उचलायचा, एवढंच तो करतो. पैसे लागत नाहीत, जास्तीचा रिमोट नाही. सेट-टॉप बॉक्सवरून ॲपवर गेलं की आवाजाची पातळी बदलते, तेही तो सांभाळून घेतो. कूलरच्या घरघरीत बारीक आवाज वर येणं फायद्याचंच. म्हणून सुरुवातीला मला वाटलं, झालं काम.

मग विकेट पडायला लागल्या.

ऑटो व्हॉल्यूमला मॅच कळत नाही. आवाज वाढला की दाबायचा, एवढंच त्याला कळतं. बॅट्समन आऊट होतो, स्टेडियम उसळतं आणि त्याच क्षणी टीव्ही सगळाच आवाज खाली घेतो. त्यात कॉमेंटेटरही खाली जातो. कॅच आहे की एलबीडब्ल्यू, बॉल आधी बॅटला लागला की पॅडला, हे तो नेमकं तेव्हाच सांगत असतो. बाबा हमखास विचारतात, "काय बोलून राहिला तो?" गर्दी ओसरली की आवाज हळूहळू परत वर येतो, पण तोवर कॉमेंटेटर पुढच्या बॅट्समनच्या सरासरीवर पोचलेला असतो. दोन बॉलच्या मध्ये कोणी बोलत नसेल तर मागची भणभण आपोआप फुगत जाते, कोणी तोंड उघडलं की पुन्हा बसते. आवाज धाप लागल्यासारखा वरखाली होत राहतो. बातम्यांना, मालिकांना हे जाणवतही नाही. क्रिकेटमध्ये मात्र ज्या क्षणासाठी तीन तास बसायचं तोच क्षण दबका ऐकू येतो. रिव्ह्यूच्या वेळी दर वेळी असं झालं की माणूस वैतागतो. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

जामठ्याला, म्हणजे नागपूरच्या क्रिकेट स्टेडियमवर, स्टँडमध्ये बसून मॅच पाहताना कॉमेंट्री नसते आणि कोणाचं काही अडतही नाही, हे मला मान्य आहे. पण घरी ती नसली की चित्र मुकं वाटतं. हेही खरं की त्रास मुख्यतः गच्च भरलेल्या स्टेडियमचा. २०२५ मध्ये जामठ्यालाच विदर्भानं केरळविरुद्धच्या फायनलमध्ये पहिल्या डावाच्या आघाडीवर रणजी करंडक घेतला, तेव्हा आम्ही रिमोटला फारसा हात लावला नाही. तुम्ही कसोटी आणि रणजीच जास्त पाहत असाल तर पैसे वाचवा.

आता साऊंडबार. प्रक्षेपण ५.१ मध्ये, म्हणजे मधला, बाजूचे, मागचे असे आवाजाचे वेगवेगळे चॅनल ठेवून, असेल तर कॉमेंट्री साधारणपणे मधल्या चॅनलवर आणि गर्दी आजूबाजूला असते. टीव्हीला बहुधा दोनच स्पीकर, तेही खाली किंवा भिंतीकडे तोंड केलेले. तो सगळं एकत्र कालवून देतो. बारला मधला स्पीकर वेगळा असेल तर कॉमेंटेटरला त्याची जागा परत मिळते आणि गर्दीला हात न लावता तेवढाच आवाज चढवता येतो. सिग्नल स्टीरिओ असला तरी दोन्ही बाजूंना सारखा येणारा आवाज ओळखून बार तो मध्ये आणायचा प्रयत्न करतो. काहींना हे छान जमतं, काहींना जेमतेम. शिवाय बारमधला व्हॉइस मोड (बोलणं स्पष्ट करायचं सेटिंग) व्यंजनांचा पट्टा उचलतो, साधारण २,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपासचा. घरघरीत आधी हरवतात ती व्यंजनंच.

डेसिबल मोजायला मी बसलो नाही. पण कूलर फुल ठेवून टीव्हीचा आवाज पूर्वीपेक्षा कमी ठेवता येतो, आणि विकेट पडली की गर्दीही दणक्यात ऐकू येते, कॉमेंटेटरही. बाबांचा प्रश्न आता क्वचित येतो.

बारच्या तक्रारी आहेतच. जाहिराती तशाच मोठ्या राहतात. बारमध्येही नाइट मोड असतो, पण काही बारवर तो फक्त डॉल्बी सिग्नलवर चालतो आणि साध्या स्टीरिओवर ढिम्म. ऑप्टिकल केबलनं जोडला तर आवाजासाठी बहुधा दुसरा रिमोट धरावा लागतो, आणि आईला एक रिमोट पुरे असतो; म्हणून एचडीएमआयच्या एआरसी पोर्टलाच (टीव्हीचा आवाज बारकडे पाठवणाऱ्या) जोडा, तिथे बहुधा टीव्हीच्याच रिमोटवर भागतं. कधी बॅटचा टक्क आवाज फटका दिसल्यावर किंचित उशिरा येतो. टीव्हीच्या किंवा बारच्या सेटिंगमध्ये त्याचा उपाय बहुतेक वेळा सापडतो, पण शोधावा लागतो. आणि खर्च तर आहेच.

तेव्हा ज्यांचा राग फक्त जाहिरातींवर आहे त्यांनी ऑटो व्हॉल्यूम लावून गप मॅच पाहावी, त्यांना बार कदाचित निराशच करेल. कूलर, गर्दी आणि थोडं कमी ऐकू येणारं वडीलधारं माणूस, हे तिन्ही एका हॉलमध्ये असतील तर मी बारकडे झुकेन. घेताना मधला स्पीकर खरंच वेगळा आहे का ते विचारा. सीताबर्डीच्या दुकानात तुम्हाला भूकंप होईल असा ट्रेलर लावून दाखवतील. तो थांबवून मॅचच्या हायलाइट्स लावायला सांगा, आणि दुकानातला पंखा किंवा कूलर सुरू असू द्या. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सबवूफर भिंतीपासून दूर आणि अगदी कमी ठेवा, कॉमेंट्रीला त्याचा उपयोग नाही. आणि बार जोडल्यावर टीव्हीतला ऑटो व्हॉल्यूम आठवणीनं बंद करा. काही टीव्ही दाबलेलाच आवाज बारकडे पाठवतात, मग व्हॉइस मोड लावूनही विकेट पडल्यावर कॉमेंटेटर दबकाच राहतो.