शंट की सिरीज, रिवाइंडिंग की नवी कॉइल: जुन्या टूरिंग बाइकचं चार्जिंग घरी दुरुस्त करताना

बॅटरी बसली म्हणून नवी टाकली आणि दोन आठवड्यांत तीही बसली. जुनी टूरिंग बाइक बाळगणाऱ्या बहुतेकांची चार्जिंगशी ओळख अशीच होते. मग प्रश्न पडतो की बदलायचं काय: इंजिनात वीज तयार करणारी स्टेटर कॉइल, की ती वीज बॅटरीला चालेल अशी करणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर, ज्याला सगळे नुसतं रेक्टिफायर म्हणतात, की दोन्ही? माझं मत आधीच सांगून टाकतो. स्टेटर इंजिनाच्या पोटात असेल तर त्याला वाचवणारा रेक्टिफायर निवडा, आणि कुठलाही पार्ट मागवण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या.

आधी मोजमाप

पूर्ण चार्ज केलेली बॅटरी काही तास तशीच ठेवून मोजली तर 12.6 ते 12.8 व्होल्ट दिसायला हवेत. बॅटरीच मेलेली असेल तर पुढची सगळी मापं फसवी ठरतात. मग इंजिन चालू करून 4000 ते 5000 आरपीएमला बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. साधारण 13.8 ते 14.5 ठीक. 13 च्या खाली असेल तर चार्जिंग होत नाही. 15 च्या वर गेलं तर इंजिन लगेच बंद करा, बॅटरी उकळेल. अशा वेळी बहुतेकदा रेक्टिफायर गेलेला असतो. पण काही जुन्या गाड्यांत व्होल्टेज ‘बघणारी’ वेगळी सेन्स वायर इग्निशन स्विचमधून येते. स्विच झिजला की त्या वायरवर व्होल्टेज कमी दिसतं आणि चांगला रेक्टिफायरही जास्त चार्ज करू लागतो. म्हणून ती वायर आधी तपासा.

यानंतर स्टेटर. त्याच्या तीन वायरी, बऱ्याच गाड्यांत पिवळ्या, रेक्टिफायरपासून सोडवा आणि एसी व्होल्टवर दोन-दोनच्या जोड्या मोजा. 5000 आरपीएमला 50 ते 70 व्होल्ट किंवा जास्तही येतात. गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. मात्र तिन्ही मापं एकमेकांशी जुळली पाहिजेत. इंजिन बंद करून, मीटर कंटिन्युइटीच्या बझरवर ठेवून एकेक वायर इंजिनाच्या बॉडीशी तपासा. मीटर वाजला तर कॉइल अर्थ झाली, ती बदलायलाच हवी. वायरींमधला रेझिस्टन्स एक ओहमपेक्षाही कमी असतो आणि साध्या मीटरच्या लीडच तेवढा रेझिस्टन्स दाखवतात. तेव्हा फक्त ओहमच्या मापावरून कॉइल मोडीत काढू नका.

एक माप लोक हमखास विसरतात. इंजिन चालू, हेडलाइट चालू, आणि मीटरची एक लीड रेक्टिफायरच्या पॉझिटिव्ह आउटपुटवर, दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. इथे 0.2–0.3 व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर तेवढी वीज वाटेतच जळते आहे. निगेटिव्हकडेही तसंच मोजा. माझ्या गाडीवर पॉझिटिव्हकडे 0.9 आले होते, आणि तोवर मी दोन रेक्टिफायर बदलून बसलो होतो. साइड पॅनलमागे कनेक्टर शोधला तर पांढरं प्लास्टिक एका कोपऱ्यात तपकिरी होऊन वितळलं होतं, आतली पिन हिरवट पडली होती आणि तिच्यालगत वायरीचं इन्शुलेशन बोटभर लांबीत कडक होऊन तडकलं होतं. तेवढा तुकडा कापून नवी पिन आणि नवा कनेक्टर घातला, आणि टर्मिनलवर 14.2 दिसले. काढून ठेवलेले दोन्ही रेक्टिफायर चांगलेच होते.

स्टेटरच्या तीन वायरींचा कनेक्टर असा जळला असेल तर काहीजण तो काढून सरळ सोल्डर करतात. होंडाच्या जुन्या गोल्ड विंगवर ही सवय जुनी आहे आणि ती टिकते. मी मात्र चांगल्या प्रतीचा सीलबंद कनेक्टर नीट क्रिम्प करून, म्हणजे पिन वायरीवर पक्कडीने दाबून, घालतो, कारण पुढच्या वेळी मोजायला तो सोडवता येतो.

शंट की सिरीज

खरा निर्णय इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर.

मॅग्नेट फिरतो आणि कॉइल वीज देते. मॅग्नेट कायमचा असल्यामुळे ही वीज कमी-जास्त करता येत नाही. शंट रेक्टिफायर नको असलेली वीज कॉइलच्या वायरी आपसात शॉर्ट करून परत पाठवतो. म्हणजे तुम्ही लाइट लावा वा बंद करा, कॉइलमधून जवळजवळ पूर्ण करंट वाहत राहतो आणि ती तापत राहते. ‘एलईडी लावले, आता कॉइलला आराम’ असं बरेचजण समजतात. शंटवर तसा आराम मिळत नाही. वाचलेली वीज कॉइल आणि रेक्टिफायर यांच्यातच उष्णता होऊन जाते.

सिरीज रेक्टिफायर उलट वागतो. गरज नसली की तो कॉइलची वाट उघडी सोडतो. करंट वापराएवढाच वाहतो, त्यामुळे कॉइल आणि रेक्टिफायर दोन्ही कमी तापतात. इथे एलईडीचा फायदा खरोखर कॉइलपर्यंत पोहोचतो. शिंडेंगेन या जपानी कंपनीचे एसएच775 आणि एसएच847 या प्रकारातले. त्याच कंपनीचा एफएच020 मॉसफेट या इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालतो, थायरिस्टर या जुन्या प्रकारच्या स्विचवाल्यापेक्षा स्वतः कमी तापतो, पण तो शंटच. मॉसफेट म्हणजे सिरीज नव्हे, ही गल्लत खरेदी करताना फार होते.

सिरीजची एक अट आहे. वाट उघडी असताना स्टेटरच्या वायरींवर पूर्ण व्होल्टेज उभं राहतं, तेव्हा या वायरींचं इन्शुलेशन धडधाकट हवं. तीस वर्षं इंजिनाजवळ भाजलेल्या, बोटाने वाकवल्यावर तडकणाऱ्या वायरींवर मी तो लावणार नाही. आधी वायरी बदलाव्यात. वर सांगितलेल्या तिन्ही युनिट्सना वेगळी सेन्स वायर नसते. गाडीतली जुनी सेन्स वायर नीट टेप लावून बंद करा आणि नव्या युनिटचं आउटपुट जाड वायरीने, मध्ये फ्यूज घालून, थेट बॅटरीवर न्या. बसवण्याची जागाही बघा. फेअरिंगच्या आत, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात कुठलाच रेक्टिफायर सुखी राहत नाही.

स्टेटर साइड कव्हर काढून दोन तासांत बदलता येत असेल आणि गाडी थोडीच चालत असेल, तर शंट मॉसफेटवरही भागेल. लांब पल्ल्याला सिरीजच.

रिवाइंडिंग की नवी कॉइल

रिवाइंडिंगमध्ये, म्हणजे जुन्या कॉइलवर नवी तार गुंडाळताना, मूळ लोखंडी कोअर राहतो, म्हणून ती बसते हमखास. पण वेढ्यांची संख्या, तारेची जाडी आणि वेढ्यांची दिशा जुळली पाहिजे, आणि वार्निश गरम इंजिन ऑइलात टिकणारं हवं. हे शेवटचं घरी साधणं कठीण. पंख्याच्या मोटरीवर चालणारं वार्निश इथे काही महिन्यांत सुटू लागतं. म्हणून हे काम मी फक्त मोटरसायकलचे स्टेटर नेहमी भरणाऱ्याकडे देईन.

नवी कॉइल घेतली तर बसवण्याआधी जुनीशेजारी ठेवून बघा: बोल्टची भोकं, वायरीची लांबी आणि वायर जिथून बाहेर येते तो रबरी ग्रोमेट. ग्रोमेट सैल असला की तिथून ऑइल झिरपतं आणि कव्हर पुन्हा उघडावं लागतं. मॅग्नेट काढायला त्याचा योग्य पुलरच वापरा. पहारीने उचकटलात तर आतले चुंबक सुटू शकतात.

सगळ्या गाड्या एका साच्यातल्या नाहीत

होंडाच्या जुन्या गोल्ड विंगमध्ये, म्हणजे जीएल1000, जीएल1100 आणि जीएल1200 मध्ये, स्टेटर इंजिनाच्या मागच्या बाजूला आहे आणि तो बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं. म्हणून काहीजण जुनी कॉइल तिथेच सोडतात, तिच्या वायरी इन्शुलेट करून बांधून ठेवतात आणि इंजिनाच्या पुढे कारचा छोटा अल्टरनेटर बेल्टवर बसवतात. वीज भरपूर मिळते, हेडलाइटबरोबर हीटेड जॅकेटही चालतं. मात्र ब्रॅकेट बनवणं, टायमिंग कव्हर कापणं, रेडिएटरपासून अंतर राखणं हे सगळं अचूक लागतं. इंजिन उतरवायला जागा आणि दोन माणसं असतील तर मी नवा स्टेटर आणि सिरीज रेक्टिफायर हीच जोडी निवडेन. 1988 मध्ये आलेल्या जीएल1500 मध्ये हा प्रश्नच नाही. तिचा अल्टरनेटर वेगळा, बाहेरून निघणारा आहे.

आर100आरटीसारख्या बीएमडब्ल्यूच्या जुन्या एअरकूल्ड बॉक्सर गाड्यांना शंट-सिरीजची चर्चा लागूच होत नाही. तिथे रोटर हाच इलेक्ट्रोमॅग्नेट आहे आणि रेग्युलेटर फक्त त्याचा करंट सांभाळतो. इथे ब्रश (रोटरला करंट पोहोचवणारे कार्बनचे तुकडे), रोटर, डायोड बोर्ड (इथला रेक्टिफायर) या क्रमाने बघा. त्याआधी किल्ली फिरवल्यावर चार्जिंगचा दिवा लागतो का ते पाहा, कारण रोटरला सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो. बल्ब गेला तर चार्जिंगच सुरू होत नाही. आणि पुढचं कव्हर काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवलीच पाहिजे, नाहीतर कव्हर डायोड बोर्डला टेकून शॉर्ट होतं.

काहीही बदललं तरी हँडलजवळ एक छोटा व्होल्टमीटर बसवा, थेट बॅटरीवरून, किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या रिलेमार्फत. पहिल्या लांब फेरीनंतर थांबून नव्या कनेक्टरला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल तर ती क्रिम्प पुन्हा करा.