टॉमटॉमचा बाण: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मला रस्ते लक्षात राहत नाहीत. सांगलीत लहानाची मोठी झाले, तरी गणपती पेठेतल्या एखाद्या बोळातून बाहेर पडले की नदी कुठल्या हाताला, हे थांबून आठवावं लागतं. त्यामुळे धाकटा भाऊ म्हणाला, ‘ताई, माझ्याबरोबर वॉरक्राफ्ट खेळ ना,’ तेव्हा मला धास्ती वाटली ती नकाशाची. तो आइंडहोव्हनला असतो. शनिवारी त्याचे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा इथे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा झालेले असतात, मुलं झोपलेली असतात, आणि तेवढे दोन तास आमचे. ते दोन तास मी वाट शोधण्यात घालवणार असेन तर खेळून उपयोग काय, असं मला वाटत होतं.

आम्ही खेळतो ते वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळाचं क्लासिक रूप. मूळ खेळ २००४ चा, आणि तो जुना अनुभव पुन्हा मिळावा म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये क्लासिक आलं. यात क्वेस्ट, म्हणजे खेळातल्या कोणी सोपवलेलं काम, घेतली तरी नकाशावर खूण उमटत नाही. क्वेस्ट देणारा सांगतो, ‘दक्षिणेला जा, रस्त्याच्या कडेला बघ,’ आणि बाकीचं आपल्यावर. हल्लीच्या मुख्य खेळात २०२० पासून नकाशावर स्वतःची पिन ठेवायची सोय आहे. क्लासिकमध्ये असं काही हवं असेल तर ॲड-ऑन, म्हणजे खेळाला जोडायची छोटी भर, टाकावं लागतं. त्यातलं एक जुनं आणि साधं म्हणजे टॉमटॉम. (गाडीत लावायच्या यंत्रांची कंपनी याच नावाची आहे, हे ॲड-ऑन वेगळं.)

काम एवढंच. चॅटच्या चौकटीत स्लॅश देऊन इंग्रजीत वे लिहायचं, पुढे दोन आकडे, त्यापुढे हवं असेल तर नाव. एंटर दाबलं की पडद्यावर एक बाण उभा राहतो. तुम्ही त्या ठिकाणाकडे तोंड करून असाल तर हिरवा, काटकोनात असाल तर पिवळा, पाठ केलीत तर लाल. खाली अंतर यार्डांत आणि पोचायला लागणारा वेळ. पोचलात की बाणाचं रूप बदलतं आणि तो जमिनीकडे बोट दाखवत खालीवर हलायला लागतो. आकडे टाकायचे नसतील तर मोठा नकाशा उघडून कंट्रोल दाबून उजवं क्लिक केलं तरी चालतं.

ते दोन आकडे मात्र नीट समजून घ्या, कारण सगळं त्यावरच आहे. प्रत्येक प्रदेशाचा नकाशा आडवा ० ते १०० आणि उभा ० ते १००. सुरुवात वरच्या डाव्या कोपऱ्यातून. पहिला आकडा उजवीकडे वाढतो, दुसरा खाली. शाळेतल्या आलेखात दुसरा आकडा वर चढायचा, इथे तो उतरतो, आणि माझे पहिले दोन आठवडे यात गेले. दुसरी गोष्ट भावाने सांगितली. प्रदेश लहान असो की मोठा, मोजपट्टी शंभराचीच. त्यामुळे बॅरन्स या मोठ्या प्रदेशात आडवा एक आकडा सरकलात तर शंभर यार्डांच्या आसपास चाललात, लहानशा ड्युरोटारमध्ये जवळजवळ त्याच्या निम्मं. म्हणून बॅरन्समध्ये कोणी नुसते पूर्ण आकडे दिले तर दशांशानंतरचाही विचारून घ्या. नाहीतर पोचूनही शोधत बसाल.

पहिल्या आठवड्यात मला वाटलं बाण बिघडलाय. मी माउस फिरवत होते, समोरचं दृश्य फिरत होतं, आणि बाण होता तिथेच. भावाला फोन केला. तो म्हणाला, ‘ताई, डावं बटण धरून फिरवतेयस का?’ तसंच होतं. डाव्या बटणाने फक्त कॅमेरा फिरतो, पात्र होतं त्याच दिशेला उभं राहतं. बाण पात्राचं तोंड बघतो, तुमचे डोळे नाही. उजवं बटण धरलं की पात्रही वळतं आणि बाणही. हे कुठे लिहिलेलं मला सापडलं नव्हतं, म्हणून इथे मुद्दाम लिहितेय.

एक गोष्ट मला मनापासून आवडली. या खेळाचा भारतात सर्व्हर नाही. आम्ही युरोपातल्या सर्व्हरवर खेळतो, आणि माझं पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, दोनशे मिलिसेकंदांच्या खाली क्वचित येतं. घाव घालायला उशीर होतो, लूट उघडायला उशीर होतो. बाण मात्र एका क्षणाचाही उशीर करत नाही, कारण त्याचं गणित माझ्याच संगणकावर चालतं. पात्राची जागा, तोंडाची दिशा आणि दिलेले आकडे, एवढंच त्याला लागतं. पावसाळ्यात नेट रडतखडत चालत असतं तेव्हाही तो चटकन वळतो.

आता मॅनक्रिकच्या बायकोबद्दल. जुन्या खेळाडूंना नुसत्या नावाने कळेल. बॅरन्समधल्या क्रॉसरोड्स या वस्तीत मॅनक्रिक नावाचा ऑर्क जमातीतला एक जण उभा असतो. लढाईत बायकोची ताटातूट झाली, तिला शोधून दे म्हणतो. बॅरन्स केवढा मोठा, पिवळ्या गवताचा, आणि त्याने दिशा सांगितलेली दक्षिण. ही बाई कुठे आहे, हा प्रश्न २००४ पासून बॅरन्सच्या चॅटमध्ये इतक्या वेळा विचारला गेला की तो त्या प्रदेशाची ओळखच होऊन बसला. मी पहिल्या वेळी बाणाशिवाय गेले. पाऊण तास फिरले, डुकरासारख्या तोंडाच्या क्विलबोरांनी दोनदा मारलं, आणि ती सापडली नाही. पुढच्या शनिवारी भाऊ हेडफोनमधून म्हणाला, ‘ताई, ४९, ५० टाक.’ टाकले. बाण लाल होता, मी वळले, हिरवा झाला. सातशे यार्ड. पायी धावताना पात्र सेकंदाला सात यार्ड जातं, म्हणजे सरळ गेलं तर दीडेक मिनिटाचा रस्ता. तीनशे, दोनशे, ऐंशी. मग बाण खाली बोट दाखवायला लागला आणि माझ्या पायाशी एक प्रेत होतं. मी तिला जिवंत शोधत होते. भावाला माहीत होतं, पण त्याने मला सांगितलं नव्हतं. बाणाने मला तिथवर आणलं, पुढचं मला स्वतःला कळलं, आणि मी काही वेळ तिथेच उभी राहिले. लोक म्हणतात अशा बाणाने खेळातली मजा जाते. माझा अनुभव असा, की शोधण्यात दमून गेले असते तर ते प्रेत बघून मला फक्त सुटल्यासारखं वाटलं असतं.

पण बाणाला दिशा कळते, वाट कळत नाही. हे ज्याला उमगलं त्याला टॉमटॉम कामाचं, नाहीतर चिडचिड होईल. डोंगर, दरी, भिंत, नदी यांतलं काहीच त्याला ठाऊक नाही. दोन बिंदूंना जोडणारी सरळ रेघ, बस. वेळेचा आकडाही त्याच हिशोबाने येतो. रस्ता वळण घेऊन लांबून गेला की दोन मिनिटांची चार होतात, मग पुन्हा एक. त्या आकड्यावर मी विसंबत नाही. वेलिंग कॅव्हर्न्सच्या गुहेत डंजनचं (आतल्या वेगळ्या, गटाने खेळायच्या भागाचं) दार शोधताना हा बाण कातळाकडे बोट दाखवत राहतो, आणि खरी वाट त्याच्याकडे पाठ करून जाते. दाराच्या आत गेल्यावर तर बाणच नाहीसा होतो. खेळ बनवणाऱ्यांनी डंजनच्या आत पात्राची जागा ॲड-ऑनना कळू नये अशी तजवीज केली आहे, तेव्हा त्यासाठी टॉमटॉमला बोल लावू नका. दुसऱ्या खंडावरचं ठिकाण दिलंत तरी बाण दिसत नाही. आधी झेपलिनने, म्हणजे खेळातल्या हवाई जहाजाने, समुद्र ओलांडायचा, मग तो उगवतो.

उंचीचं प्रकरण याहून अवघड. आकडे दोनच, तिसरा नाही. थाउजंड नीडल्समध्ये फ्रीविंड पोस्ट नावाची वस्ती आहे, खालच्या दरीतून उठलेल्या उंच सुळक्याच्या माथ्यावर. मी बाणाच्या मागे दरीतून गेले. चाळीस, वीस, दहा, आणि बाण नाहीसा. ठिकाण आलं म्हणून त्याने खूण पुसली. समोर नुसता तांबडा कातळ. मी त्याला वळसा घातला, पुन्हा आकडे टाकले, पुन्हा तेच. हेडफोनमध्ये भाऊ शांतपणे म्हणाला, ‘ताई, वर बघ.’ वर बघितलं तर बरोबर डोक्यावर लाकडी फळ्यांची कड दिसत होती. लिफ्टने वर गेले. तेव्हापासून अंतर संपलं आणि समोर काही नसलं की मी पहिल्यांदा वर बघते, मग खाली. थंडर ब्लफ आणि अंडरसिटी या दोन्ही शहरांत, एक सुळक्यांवर आणि दुसरं जमिनीच्या पोटात, ही सवय रोज उपयोगी पडते.

याच प्रसंगावरून मी एक सेटिंग बदललं, आणि तुम्हीही बदला. जवळ गेल्यावर खूण आपोआप पुसण्याचं अंतर असतं, ते शून्य करा. शून्य म्हणजे आपोआप पुसणं बंद. मग काम झाल्यावर बाणावर उजवं क्लिक करून खूण स्वतः काढायची. हाताला एक काम वाढतं, पण मजला चुकला म्हणून खूण जात नाही.

दुसरं सेटिंग जागेचं. सुरुवातीला माझा बाण पडद्यावर बराच वर होता. नजर सारखी तिकडे, आणि खाली पात्र सरळ शत्रूंच्या घोळक्यात. महिनाभरात मी अशी किती वेळा मेले ते मोजलं नाही. मग सेटिंगमधलं बाणाचं कुलूप (लॉक) काढून तो ओढला आणि पात्राच्या डोक्याच्या किंचित वर आणला, आकार थोडा कमी केला, पुन्हा कुलूप लावलं. आता बाण आणि समोरचा रस्ता एकाच नजरेत येतात. माझ्या मते हा बदल बाकी सगळ्यांहून मोलाचा आहे. रंगही बदलता येतात. भावाला लाल आणि हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, त्याने निळा आणि नारिंगी ठेवलाय.

मेल्यावर भूत होऊन आपल्या प्रेतापर्यंत धावत जावं लागतं, तेव्हा बाण आपोआप प्रेताकडे वळवण्याचीही सोय आहे. ती माझ्याकडे पहिल्या दिवसापासून चालू आहे.

माझं पात्र ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणारं, आहे आणि मी वनस्पती गोळा करते. मलगोर या प्रदेशात पीसब्लूम आणि अर्थरूट मिळण्याच्या जागा मी हळूहळू खुणा करून ठेवल्या, आता तीसच्या वर झाल्यात. एक संपली की सगळ्यात जवळची दुसरी बाण आपोआप धरतो, असं सेटिंग आहे. जेवणं आवरून झाल्यावर अर्धा तास मिळाला की मी ही फेरी मारते. खेळ बंद केला तरी खुणा राहतात. क्वेस्टी हे क्वेस्टच्या जागा दाखवणारं दुसरं ॲड-ऑन वापरत असाल तर तेही टॉमटॉमशी जोडलं जातं आणि क्वेस्टसाठी थेट बाण लावता येतो, आकडे टाकायची गरज उरत नाही. भाऊ तसंच करतो. मी नाही करत. मला आकडे हाताने टाकायला आवडतात, त्याने जागा डोक्यात बसते. आठ महिन्यांत क्रॉसरोड्सच्या भोवतालचा भाग मला बाणाशिवाय येऊ लागला आहे, आणि माझ्यासारखीला ही फार मोठी गोष्ट आहे.

बसवायचं कसं, हे थोडक्यात. ॲड-ऑन फुकट आहे, आणि खेळाच्या मालकांचा २००९ पासूनचा नियमच आहे की ॲड-ऑनसाठी पैसे घ्यायचे नाहीत आणि कोड उघडा ठेवायचा. खेळाच्या फोल्डरात इंटरफेस, त्यात ॲडऑन्स, तिथे टॉमटॉमचं फोल्डर ठेवायचं. आपल्या खेळाला जुळणारी आवृत्ती घ्या, क्लासिकची वेगळी असते. एका भलत्याच साइटवरून मी पहिल्यांदा जे उतरवलं त्यात इएक्सई, म्हणजे उघडताच चालू होणाऱ्या प्रोग्रामची, फाइल होती. भावाने ती उघडू दिली नाही हे माझं नशीब. ॲड-ऑनमध्ये लुआ आणि एक्सएमएलच्या फाइली असतात, चित्रं आणि आवाज असतात, इएक्सई कधीच नसते. दिसली तर लगेच पुसा. खेळाचं अपडेट आलं की ॲड-ऑनच्या यादीत नाव लाल दिसतं. तिथेच जुनी ॲड-ऑन चालवण्याची चौकट असते, तिच्यावर खूण करा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

एक सोय शेवटी हाती लागली, आणि आता आमचं तिच्यावाचून चालत नाही. आपली खूण पार्टीतल्या, म्हणजे आपल्या खेळगटातल्या, दुसऱ्याला पाठवता येते. पूर्वी आमचं बोलणं असं चालायचं:

‘ताई, कुठे आहेस?’

‘झाडापाशी.’

‘कुठल्या झाडापाशी?’

आणि बॅरन्सभर सारखीच झाडं. आता पडद्यावर माझे आकडे सतत दिसतात, मी ते वाचून दाखवते, किंवा तो खूण पाठवतो आणि माझा बाण वळतो. गेल्या शनिवारी त्याला ऑफिसमधून यायला उशीर झाला. मी आले तेव्हा तो नव्हता. त्याने आदल्या रात्रीच रॅचेट बंदराच्या धक्क्यावरची खूण पाठवून ठेवली होती, नाव मराठीतलंच पण इंग्रजी अक्षरांत: ताई इथे थांब. मी तिथे गेले, मासे पकडत बसले, आणि वीस मिनिटांनी तो आला.