हँग होणाऱ्या घरच्या कॉम्प्युटरवर मला सापडलेला उपाय: क्रुशियल एमएक्स५०० एसएसडी, दोन वर्षांच्या वापरानंतर

माझं काम मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ऐकून ती शब्दशः लिहून काढायचं. कानाला हेडफोन, समोर वर्डची फाइल, दिवसाचे पाच-सहा तास. या कामात कॉम्प्युटर नुसता हळू असून भागत नाही, तो थांबला की वाक्याचा धागाच तुटतो. म्हणून या एसएसडीबद्दल, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसवायच्या, फिरती तबकडी नसलेल्या ड्राइव्हबद्दल, सविस्तर लिहिते आहे. ज्यांचा कॉम्प्युटर सध्या माझ्या तेव्हाच्या कॉम्प्युटरसारखा वागतोय, त्यांचे काही आठवडे तरी वाचावेत.

मशीन २०१८चं. आठव्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेऱ्यांची) हार्ड डिस्क. चार वर्षं तक्रार नव्हती. मग सुरू व्हायला वेळ लागायला लागला. आधी दोन मिनिटं, मग चार. शेवटी शेवटी मी घड्याळ लावून पाहिलं तर बटण दाबल्यापासून वर्ड उघडेपर्यंत ६ मिनिटं ४० सेकंद. तेवढं मी सोसलंही असतं, पण पुढे हँग होणं सुरू झालं. एक बाई आपल्या लहानपणाबद्दल बोलत होत्या आणि "आणि मग वडील" इथे आवाज अडकला. माउसचा बाण हलत होता, पण क्लिक केलं की काही होत नव्हतं. खिडकीच्या डोक्यावर "नॉट रिस्पॉन्डिंग". कॅबिनेटवरचा लाल दिवा, जो एरवी लुकलुकतो, तो सलग पेटलेला. आतून मंद टक्‌, थोडं थांबून पुन्हा टक्‌. दीड मिनिटाने सगळं एकदम सुटलं आणि मी मधे जे काही दाबलं होतं ते धडाधड उघडलं. त्याच आठवड्यात एकदा सुटलंच नाही. बटण दाबून बंद करावं लागलं आणि चाळीस मिनिटांचं टायपिंग गेलं.

मी केलेले उपाय सगळेच करतात ते. टेम्प फाइली उडवल्या, स्टार्टअपमधले प्रोग्रॅम बंद केले, वेग वाढवून देतो म्हणणारं एक सॉफ्टवेअर विकत घेऊन टाकलं. त्या सॉफ्टवेअरने शेकडो "चुका" शोधून दुरुस्त केल्या आणि कॉम्प्युटर जिथल्या तिथे राहिला. उलट तेच सुरू होताना डिस्क वाचायला बसायचं. एका दुरुस्तीवाल्याला दाखवलं. त्यांनी कॅबिनेट न उघडताच सांगितलं, "मॅडम, मशीन जुनं झालंय, नवीन घ्या." मला ते पटलं नाही. प्रोसेसर पाच वर्षांत थकत नाही. आजही मला राग येतो तो याचाच, की न तपासता माणसाला नवीन मशीन घ्यायला लावतात.

मग मीच शोधायला बसले, आणि कळलं की कॉम्प्युटर नेमका कुठे अडतोय हे विचारायची जागा विंडोजमध्येच आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्स पानावर माझ्याकडे सीपीयू ८ टक्के, मेमरी निम्मी, आणि डिस्क १००. खाली "अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम" म्हणून आकडा असतो. सुदृढ हार्ड डिस्कचा तो साधारण एक-दोन आकडी मिलिसेकंद असतो. माझा ३,८०० होता. म्हणजे एकेका मागणीला जवळपास चार सेकंद. आणि वाचण्याचा वेग सेकंदाला अर्धा एमबीसुद्धा नाही. डिस्क शंभर टक्के कामात आहे आणि काम मात्र होत नाहीये, याचा अर्थ ती एकाच जागी डोकं आपटत बसली आहे.

खात्री करायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं. हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, ते ही नोंद उघडून दाखवतं. पिवळ्या चौकोनात "कॉशन" आलं. सी५ क्रमांकाची ओळ, करंट पेंडिंग सेक्टर काउंट, म्हणजे जे तुकडे डिस्कला नीट वाचता येत नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही असे. त्यासमोर लिहिलं होतं ए८. मला वाटलं हा काही कोड असेल. पण तिथले आकडे मुळात षोडशमान (सोळाच्या पटीत मोजायच्या) पद्धतीत दिसतात, ए८ म्हणजे १६८. (सेटिंगमध्ये जाऊन ते साध्या दशमान आकड्यांत करून घ्या, नाहीतर "१०" दिसतं आणि प्रत्यक्षात सोळा असतात.) अशा प्रत्येक तुकड्यापाशी डिस्क पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, आणि तोवर बाकी सगळं रांगेत उभं. दिवा सलग पेटलेला आणि ते टक्‌ टक्‌ त्याचंच.

त्याच यादीत सी७ नावाची ओळ असते, तीही पाहाच. तो आकडा वाढत असेल तर दोष डिस्कचा नसून बहुतेक वेळा डेटा केबलचा असतो. केबल बदलून पाहणं हे नवी डिस्क घेण्यापेक्षा फार सोपं. माझ्याकडे तिथे शून्य होतं.

आता वस्तूबद्दल. मी घेतली ती क्रुशियल एमएक्स५००, ५०० जीबीची, अडीच इंची सॅटा, म्हणजे केबलीने जोडायची. माझ्या मदरबोर्डवर एम.२ची खाच (जिच्यात ड्राइव्ह थेट बसते) नाही म्हणून सॅटा. तुमच्याकडे खाच असेल आणि ती एनव्हीएमई (सॅटापेक्षा वेगवान प्रकारची एसएसडी) घेत असेल तर तीच घ्या, केबलीही लागत नाहीत. पण ती नाही म्हणून हळहळू नका. फिरत्या डिस्कवरून कुठल्याही बऱ्या एसएसडीवर येताना जो फरक पडतो, त्यापुढे या दोघींतला फरक घरच्या कामात जाणवण्याजोगा नसतो. कारणही सरळ आहे. ७२०० आरपीएमची तबकडी एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत मारते. हवा तो भाग वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे चारच्या वर मिलिसेकंद, शिवाय सुई तिथवर सरकायला आठ-नऊ. विखुरलेल्या लहान फाइली वाचायच्या तर सेकंदाला सत्तर-ऐंशी वाचनांच्या पुढे ती जाऊच शकत नाही. विंडोज सुरू होताना अशी हजारो वाचनं करतं. एसएसडीत फिरणारं काही नाही, हवी ती जागा मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात सापडते. डब्यावरचा ५६० एमबी प्रतिसेकंद हा आकडा मोठ्या सलग फाइलींचा आहे. तो खरा आहे, पण रोजचा आराम त्याच्यामुळे मिळत नाही, या लहान वाचनांमुळे मिळतो.

डब्यात ड्राइव्ह आणि ७ मिलिमीटरची जाडी ९.५ करणारी एक पातळ चौकट येते. ती ठरावीक लॅपटॉपसाठी असते. डेस्कटॉपवाल्यांनी सॅटा डेटा केबल आपली आणायची. पॉवरचं एक कनेक्टर माझ्या एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) रिकामं होतं. कॅबिनेटमध्ये अडीच इंची जागा नव्हती, तर मी जाड दुहेरी टेपने ड्राइव्ह आतल्या पत्र्याला चिकटवली. आत हलणारं काही नसल्यामुळे चालतं. दोन वर्षं जागची हललेली नाही.

बसवण्याआधी डेटा. हा भाग घाईत करू नका. सगळे म्हणतात जुनी डिस्क नवीवर क्लोन करा, म्हणजे जशीच्या तशी उतरवा, आणि डिस्क धडधाकट असेल तर तो चांगला मार्ग आहे. मरायला टेकलेल्या डिस्कवर मी तो घेतला नाही. क्लोन करायचं म्हणजे ती सगळीच्या सगळी वाचायची, आणि खराब तुकड्यांवर तिला तासन्‌तास घासत ठेवायचं. त्याऐवजी आधी सर्वांत मोलाचं फोल्डर, मग फोटो, मग बाकीचं, असं बाहेरच्या डिस्कवर घेतलं. नेहमीच्या कॉपी-पेस्टने एका फाइलपाशी सगळंच थांबायचं. विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाची आज्ञा आहे, तिने सुटका केली. पण सांभाळा: फाइल वाचता आली नाही तर ती मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून. तिला एकदाच प्रयत्न करायला आणि एकच सेकंद थांबायला सांगावं लागतं. रात्रभर चाललं. सकाळी यादी पाहिली, अकरा फाइली गेल्या होत्या. त्यांतली एक मुलाखत होती, तिची प्रत ज्यांनी ती घेतली त्यांच्याकडे सुदैवाने होती. ती यादी वाचताना माझे हात थंड पडले होते हे मला आठवतंय.

मग कॉम्प्युटर बंद, वायर भिंतीतून काढलेली, कॅबिनेट आडवं. मुलीने टॉर्च धरला. डेटा केबलच्या टोकाला इंग्रजी एलसारखी खाच असते, त्यामुळे ती उलटी बसतच नाही. जोर लावायची वेळ आली तर समजा दिशा चुकतेय. एक गोष्ट मी मुद्दाम केली आणि तुम्हीही करा: विंडोज टाकताना जुनी डिस्क काढून ठेवली. दोन्ही जोडलेल्या असल्या तर विंडोज स्वतः नव्या ड्राइव्हवर जातं आणि सुरू होण्याची फाइल जुनीवर ठेवू शकतं. मग जुनी काढली की मशीन उठत नाही, आणि माणूस नव्या ड्राइव्हला दोष देतो.

८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने विंडोज ११ तयार करून घेतलं होतं. विंडोज १०ची मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार हे तेव्हाच जाहीर होतं आणि आठव्या पिढीचा इंटेल ११ला चालतो, म्हणून थेट तेच. प्रॉडक्ट की विचारली तिथे "माझ्याकडे नाही" निवडलं. परवान्याची नोंद त्या मदरबोर्डशी जोडलेली असल्याने इंटरनेट मिळाल्यावर ते आपोआप सक्रिय झालं. ड्राइव्ह ५००ची असून ४६५ दिसते, त्यात कोणी फसवलेलं नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ने.

आणि पहिल्यांदा बटण दाबलं. वर्ड उघडून कर्सर लुकलुकेपर्यंत २४ सेकंद. मी पुन्हा बंद केलं आणि पुन्हा मोजलं, कारण विश्वास बसेना. तेवीस. तेच मशीन, तीच रॅम, तोच प्रोसेसर. ज्याला जुनं म्हणून टाकून द्यायला सांगितलं होतं ते.

दोन वर्षांनंतरची स्थिती: एकदाही हँग नाही. मी खोटं सांगत नाही, एकदाही नाही. तीन तासांचं ध्वनिमुद्रण, दोन वर्डच्या फाइली आणि ब्राउझर असं रोज उघडं असतं. क्रिस्टलडिस्कइन्फोत निळं "गुड". टिकण्याची भीती अनेकांना असते, तर ५०० जीबीच्या या ड्राइव्हला कंपनीने पाच वर्षांची किंवा एकूण १८० टीबी डेटा लिहून होईपर्यंतची वॉरंटी दिली होती. पाच वर्षांत वाटले तर रोजचे ९८ जीबी होतात. माझं लिहिणं त्याच्या जवळपासही जात नाही. डिफ्रॅग (विखुरलेल्या फाइली एकत्र लावणं) मात्र बाहेरच्या सॉफ्टवेअरने करू नका. विंडोजला ही एसएसडी आहे हे कळतं आणि ते तिची निगा वेगळ्या पद्धतीने स्वतःच राखतं.

पण ही वस्तू सगळ्यांसाठी नाही. बहिणीने माझं ऐकून लगेच घ्यायची म्हटली, तर मी तिला आधी टास्क मॅनेजर उघडायला लावला. तिच्याकडे डिस्क शांत, मेमरी ९६ टक्के. रॅम चारच जीबी. तिला आणखी चार घालून दिली आणि तिचं काम झालं. शेजारच्या काकांचा पीसी व्हिडिओ पाहताना अर्ध्या तासाने गोठायचा, सकाळी अगदी ठणठणीत. तिथे प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची वीतभर नाही पण बोटभर गादी बसली होती. तापला की तो स्वतःचा वेग पाडायचा. त्यांना ब्रश पुरला. त्या दोघांनी एसएसडी घेतली असती तर चालू व्हायला वेग आला असता, दुखणं तसंच राहिलं असतं.

एक गोष्ट मला या ड्राइव्हमध्ये खरोखर खटकते, आणि ती सगळ्याच एसएसडींना लागू आहे. हार्ड डिस्क जाताना आवाज करते, रखडते, काही आठवडे सांगत राहते. एसएसडी पुष्कळदा काही न सांगता एका सकाळी दिसेनाशी होते, आणि तिच्यातून डेटा परत मिळवणं जास्त अवघड. म्हणून शनिवारी काम संपलं की मुलाखतींचं फोल्डर मी बाहेरच्या डिस्कवर उतरवते, आणि चालू आठवड्याची ध्वनिमुद्रणं वेगळ्या पेनड्राइव्हवर. दहा मिनिटं लागतात. मधे कपाटात ठेवलेली ती जुनी डिस्क एकदा जोडून पाहिली, त्या अकरा फाइलींपैकी काही मिळतायत का म्हणून. लाल दिवा पुन्हा सलग पेटला. मी ती काढून ठेवली.