आधी गेज घ्या, पंप नंतर

"पस्तीस मारू का सगळ्यांत?" पेट्रोल पंपावरचा हा प्रश्न साध्या हॅचबॅकला चालून जातो. पुढे २४५ आणि मागे २७५ मिलिमीटर रुंदीचे टायर असलेल्या स्पोर्ट्स कारला नाही. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांचा दाब बऱ्याचदा वेगळा असतो आणि दोन-तीन पीएसआय (दाब मोजायचं एकक) इकडचे तिकडे झाले की स्टीअरिंग लगेच चुगली करतं. योग्य आकडा शोधत फिरायला नको, तो चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. टायरच्या कडेवर ५०-५१ पीएसआय कोरलेलं दिसतं ती कमाल मर्यादा, तेवढी हवा भरायची नसते. काही गाड्यांच्या स्टिकरवर अतिवेगासाठी वेगळा रकाना असतो. मुंबई-गोवा महामार्गावर त्याचं काही काम नाही.

घोळ होतो तो मोजताना. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. घरापासून पंप दहा-पंधरा किलोमीटर, मध्ये एखादी घाटी, की टायर तापलाच. २५ अंशांना ३३ पीएसआय असलेली हवा ५० अंशांना ३७ दाखवते. तिथे कुणी वरचे चार सोडून दिले की दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी २९ वर उभी. त्यामुळे हवा सकाळी, घरच्या अंगणातच बघावी. एका बाजूच्या चाकांवर ऊन आलं असेल तर तेवढ्यानेही दोन-तीन पीएसआयचा फरक पडतो. तो 'दुरुस्त' करू नये.

यासाठी बाजारात दोन वस्तू मिळतात, दाब मोजायचं डायल गेज आणि हवा भरायचा १२ व्होल्टचा पंप. लोक पंप घेतात आणि त्याच्या डिजिटल आकड्यावर विश्वास ठेवतात. आमच्या मते क्रम उलटा हवा.

गेज घेताना ० ते ६० पीएसआयचं घ्यावं, ० ते १०० चं नको. चांगल्या यांत्रिक गेजची अचूकता स्केलच्या मधल्या भागात दोन टक्क्यांच्या आसपास असते, आणि हे दोन टक्के पूर्ण स्केलचे. म्हणजे ६० च्या गेजवर चूक सव्वा पीएसआय, १०० च्या गेजवर दोन. शिवाय ३३ हा आकडा ६० च्या स्केलवर जवळजवळ मधोमध येतो. तबकडी अडीच इंची, अर्ध्या-अर्ध्या पीएसआयच्या रेघा आणि हवा सोडायचं बटण, एवढं बघावं. गेजला रबरी नळी हवीच. स्पोर्ट्स रिमच्या आऱ्यांमध्ये व्हॉल्व्ह आखूड आणि आत दडलेला असतो, नुसतं सरळ तोंड तिथे नीट बसत नाही. बोटं रिमला घासतात आणि निम्मी हवा फुस्स होते.

पंपाच्या खोक्यावर '१५० पीएसआय' मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. कारसाठी त्याला अर्थ नाही. बघायचं ते वॅट. १८० वॅटचा पंप १२ व्होल्टवर १५ अँपिअर ओढतो, आणि पुष्कळ गाड्यांत लायटरच्या सॉकेटचा फ्यूज तेवढाच असतो. तो उडतो आणि दोष पंपाला दिला जातो. सॉकेटवर १२० वॅटच्या आतलाच पंप लावावा. मोठा हवा असेल तर थेट बॅटरीला चिमटे लावायचा घ्यावा, पण आधी बॅटरी पुढे आहे की डिकीत ते पाहून ठेवावं. पंप चालवताना इंजिन चालू ठेवायचं, गाडी मात्र उघड्यावर हवी. टायरमध्ये साधारण ३० लिटर जागा धरली तर ५ पीएसआय वाढवायला बाहेरची १० लिटर हवा पुरते. छोट्या पंपालाही हे मिनिटाभराचं काम. सगळा टायर शून्यापासून भरायला लावला तर तो तापतो आणि मग नळीचा सांधा सुटतो. आट्यांचं पितळी तोंड काढताना थोडी हवा जातेच, तेव्हा एक पीएसआय जास्त भरून गेजने खाली आणावं.

पंप विकत घेण्याआधी डिकीतला गालिचा उचलून बघावा, हे राहूनच जातं. बहुतेक स्पोर्ट्स कारना स्टेपनी नसते, त्याऐवजी कंपनीचा छोटा पंप आणि पंक्चर बुजवणाऱ्या द्रवाची बाटली दिलेली असते. पंप फुकटात सापडला! बाटलीवरची मुदत तेवढी तपासा.

किनाऱ्यावर आणखी एक दुखणं आहे. रत्नागिरी, मालवण, देवगडच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर शोभेची धातूची टोपी लावली की ती काही महिन्यांत चिकटून बसते. पकडीने पिळली की दाब मोजणाऱ्या सेन्सरसकट व्हॉल्व्ह तुटतो. प्लास्टिकची टोपी लावावी. आतली पिनही साधी पितळी नको, निकेलचा मुलामा दिलेली मागावी. महिन्याला एखादा पीएसआय उतरणं साधारण, तीन-चार उतरले तर साबणाचं पाणी आधी व्हॉल्व्हवर आणि मग रिमच्या कडेला ओतून बुडबुडे बघावेत. गंजलेल्या कडेतून हवा झिरपत असेल तर टायर उतरवून रिम घासून घेतल्याशिवाय उपाय नाही.

पावसाळ्यात पकड वाढावी म्हणून हवा कमी करायची पद्धत आहे. ती सोडावी. विमानाच्या टायरांवरून बसवलेलं नासाचं जुनं सूत्र लावलं तर ३३ पीएसआयचा टायर साचलेल्या पाण्यावर ताशी ९६ किलोमीटरच्या आसपास तरंगू लागतो, २५ पीएसआयचा ८३ ला. कारच्या टायरला हे आकडे तंतोतंत लागू होत नाहीत, पण कल कळतो. वर खड्ड्यात रिम वाकते ती वेगळीच. डॅशबोर्डवरचा दिवा बऱ्याच गाड्यांत २०-२५ टक्के हवा गेल्यावरच लागतो, त्याच्या भरवशावर राहू नये.

आंबोलीला जाताना मात्र काही करायला नको. ६९० मीटरवर गारव्याने पाऊण पीएसआय उतरतो, तर बाहेरच्या हवेचा दाब घटल्याने गेजवर एकभर चढतो. हिशोब जवळजवळ फिटतो.

राहिला नायट्रोजन. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. कोरडेपणा हा त्याचा एकच खरा फायदा, आणि जुलैत ज्या पेट्रोल पंपावर हवेच्या टाकीतलं पाणी कुणी काढत नाही तिथल्या हवेपेक्षा तो बरा. पण तो भरून झाल्यावरही दाब बघायला गेज लागतंच.