व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटी: चवथीपासून शिगम्यापर्यंत वापरल्यावर

गोव्यातल्या फोंड्याकडच्या आमच्या वाड्यावर देवळाचे मंडळ, आरतीवाले आणि उत्सवी नाटकवाले अशी तीन मंडळे आहेत, माणसे बरीचशी तीच. सगळ्यांचा मिळून एकच ग्रुप होता. सकाळच्या फुलांच्या फोटोंखाली तालमीचा निरोप कुठे गडप व्हायचा ते देवालाच ठाऊक. चवथीच्या तोंडावर कम्युनिटी केली, म्हणजे प्रत्येक मंडळाचा वेगळा ग्रुप आणि सगळे एका छपराखाली. ही सोय नोव्हेंबर २०२२ मध्येच आली होती, आम्ही तेव्हा ढुंकूनही पाहिले नव्हते.

खरा फायदा घोषणांच्या ग्रुपचा. तिथे फक्त ॲडमिन लिहितो, आणि इतर सभासदांना तुमचा नंबर दिसत नाही. त्यामुळे एरवी ग्रुपमध्ये यायला नाखूश असलेल्या माहेरवाशिणी आल्या. महाप्रसाद कधी, पालखी कधी, एवढे कळले की त्यांचे काम झाले.

नाटकवाल्यांचे मात्र सगळे व्हॉइस नोटवर चालते. पेटीवाले काका नांदी काळी दोनच्या पट्टीत वाजवून पाठवतात, पोरे घरी त्यावर गळा साफ करतात. आमचा खलनायक तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला, सुट्टीवर येईपर्यंत बोटीवरूनच संवाद पाठवायचा. मागे इंजिनाची घरघर, पुढे ‘महाराज, घात झाला!’ दिग्दर्शक उलट नोट पाठवायचे, ‘घात हळू कर रे, प्रेक्षकांना कळू दे.’ सुट्टीवर आला तेव्हा पाठांतर चोख होते.

आरतीवाल्यांची गोष्ट वेगळी. कॉलवर ३२ जण एकत्र येऊ शकतात, पण एकत्र गाऊन पाहा! प्रत्येकाचा आवाज थोडा उशिरा पोचतो, समेवर कोणी कोणाला भेटत नाही. घुमटाची (मातीच्या वाद्याची) थाप निम्मी गाळली जाते, कासाळे (मोठी झांज) मात्र कानात खुपते. तो नाद आम्ही सोडला. रेकॉर्डिंग पाठवतो आणि आरतीला देवळात बसतो.

मतदानात १२ पर्याय देता येतात. आम्ही तालमीच्या वेळेसाठी दोनच दिले, तरी खाली ‘मला दोन्ही जमत नाहीत’ असे लिहिणारे निघालेच. त्याला ॲप काय करणार?

मेमरी कमी असलेल्या फोनवर फोटो आपोआप उतरणे आधी बंद करा, नाहीतर विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी फोन गुदमरतो.

वाड्यावर एकच मंडळ असेल तर साधा ग्रुप पुरे, हा व्याप करू नका. कम्युनिटी केलीत तर ॲडमिन दोन-तीन तरी ठेवा, आणि त्यांतला एकही तारवटी नको.