चौतीस पोरं, एक शेळी आणि तालुक्याचं कोर्ट

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये" हे वाक्य या वर्षी मला संमतीपत्रावर लिहून आलं. आठवीतल्या एका मुलाच्या आजोबांनी सहीच्या वर लिहिलं होतं, आणि खाली "तरी नातवास न्यावे, हरकत नाही" अशी पुस्ती जोडली होती. चौतीस संमतीपत्रांत हे एकच मी जपून ठेवलंय.

मी गावच्या अनुदानित हायस्कूलात इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते. सातवी-आठवीच्या मुलांना न्यायालय दाखवायचं आणि मग त्यांच्याकडूनच एक लुटुपुटीचा खटला चालवून घ्यायचा, हा उपक्रम आम्ही दोन वर्षं दोन वाटांनी केला. गेल्या वर्षी एका खासगी संस्थेला पैसे मोजून, या वर्षी तालुका विधी सेवा समितीमार्फत फुकटात. पुढच्या वर्षी कुणाला करायचं असेल तर दोन्हीचा हिशेब मांडते.

खासगी संस्थेचं लवकर उरकते, कारण त्यात उरकण्यासारखंच होतं. डोई साडेचारशे रुपये. शाळेच्या सभागृहात फ्लेक्सचं कोर्ट, काळे डगले, लाकडी हातोडा आणि लाल कापडात गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक, त्यावर हात ठेवून शपथ. मुलांच्या हातात छापील संवाद. आरोपी दोषी ठरणार हे चौथ्या पानावर आधीच छापलेलं होतं, त्यामुळे बचावाच्या वकिलाची भूमिका करणारा मुलगा तिसऱ्या पानापासूनच कंटाळला. फोटो मात्र सुरेख आले. ते अजून शाळेच्या दर्शनी फलकावर आहेत.

या वर्षी समितीकडे गेले. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली तालुक्याच्या पातळीवर अशी समिती असते आणि तिथले ज्येष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. शाळांमध्ये कायद्याची ओळख करून देणं हा त्यांच्या कामाचाच भाग. शाळेच्या पत्रावर अर्ज, सोबत मुलांची यादी, एवढंच लागलं. अर्ज जूनमध्ये दिला, भेट झाली डिसेंबरात, आणि मधे दोनदा पुढे ढकलली गेली. शिक्षकखोलीत यावर जे विनोद झाले ते तुम्हालाही सुचतीलच. पण एक फायदा झाला: तोवर आठवीचा न्यायव्यवस्थेचा धडा शिकवून झाला होता. धड्याआधी नेलं असतं तर पोरांनी फक्त पंखे मोजले असते.

खर्च म्हणाल तर एसटीचा. प्रासंगिक करारावर गाडी घेतली, डोई एकशे दहा रुपये पडले. माणसं किती न्यायची यावर आधी वाद झाला. मुख्याध्यापकांचं म्हणणं, गाडी करतोच आहोत तर नववीही घ्या. मी चौतिसावर अडून बसले आणि ते बरं केलं. कोर्टाच्या दालनात मागे तीन बाक, त्यावर पक्षकार आधीच बसलेले. सतरा-सतराच्या दोन तुकड्या करूनही निम्मी मुलं भिंतीला टेकून उभी होती.

पहिला तास व्याख्यानाचा. समितीच्या पॅनेलवरचे वकील आले आणि त्यांनी कलमं वाचायला सुरुवात केली. मूलभूत हक्क, मूलभूत कर्तव्यं, पुन्हा हक्क. पंचवीस मिनिटांनी मागच्या रांगेतल्या एकाने विचारलं, "सर, चारसोबीस म्हणजे नक्की काय?" वकीलसाहेबांनी कागद खाली ठेवला. १ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फसवणुकीचं ४२० आता ३१८ झालं, खुनाचं ३०२ आता १०३. "मग आता त्याला तीनशे अठरा म्हणायचं?" पोरं हसली, साहेबही हसले, आणि तिथून पुढची वीस मिनिटं खरी झाली. स्त्रिया आणि मुलं यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, हे त्यांनी सांगितलं तेव्हा सातवीतल्या एका मुलीने उभं राहून विचारलं, "आईलापण मिळेल?" मिळेल म्हणाले, आणि १५१०० हा नंबर दिला. तिने तो वहीत न लिहिता तळहातावर लिहून घेतला. मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिची आई शाळेत आली होती, एवढंच सांगते.

अकराला कामकाज सुरू झालं. हातोडा नाही, हा पहिला धक्का. गेल्या वर्षीच्या नाटकातली पोरं टेबलावर तो शोधत होती. न्यायाधीश मॅडम आल्या, सगळे उठले, बसले, आणि दालन आपसूक गप्प झालं. दुसरा धक्का, साक्षीदाराने कुठल्याच पुस्तकावर हात ठेवला नाही. क्लार्कने शपथेचे शब्द सांगितले, त्याने ते म्हटले, झालं. तिसरा धक्का कंटाळ्याचा. शिपाईमामा दारात जाऊन नावाचा पुकारा करत, दोन माणसं आत येत, वकील काहीतरी पुटपुटत, पुढची तारीख पडे. एका मुलाने वहीत रेघा मारून ठेवल्या होत्या: तेवीस पुकारे, सतरा तारखा. एसटीत बसताना त्याने ही बेरीज मला दाखवली आणि विचारलं, "बाई, हे लोक गाडीभाड्याचे पैसे कुठनं आणतात?" धड्यात 'प्रलंबित खटले' असा शब्द आहे. तो मी बावीस वर्षं शिकवतेय, आणि हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

मग एका न वटलेल्या धनादेशाच्या खटल्यात उलटतपासणी झाली आणि पोरं जागी झाली. वकील विचारतो, साक्षीदार उत्तर देतो, आणि मॅडम ते आपल्या भाषेत स्टेनोला सांगतात: "हे म्हणणे खरे आहे की, धनादेशावरील सही माझी आहे. हे म्हणणे खरे नाही की, मी कोरा धनादेश दिला होता." कोर्टाचं हे मराठी मुलांना इतकं आवडलं की परतीच्या गाडीत दुसरं काही ऐकूच येईना. "हे म्हणणे खरे नाही की मी तुझा लाडू खाल्ला." "हे म्हणणे खरे आहे की खिडकीची जागा माझी आहे." आठवडाभर वर्गात मला माझ्याच प्रश्नांची उत्तरं याच साच्यात मिळत होती.

आता माझी चूक. कामकाज बघून पहिली तुकडी व्हरांड्यात आली, आणि आमच्यातला एक मुलगा थबकला. समोरच्या बाकावर त्याचे वडील बसले होते, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. घरी त्यांनी कांदा घेऊन बाजारात जातोय असं सांगितलं होतं. दोघेही एकमेकांकडे बघत राहिले. मी मधे पडून काहीतरी मूर्खासारखं बोलले, बहुतेक "अरे वा, भेट झाली" असं. वडिलांनी मुलाला शेजारी बसवलं आणि बांधाचा वाद आहे, तू पहिलीत होतास तेव्हापासून चाललाय, चुलत्याशी आहे, असं हळू आवाजात सांगून टाकलं. मुलगा नंतर दिवसभर बोलला नाही. हे टाळता आलं असतं. दुसऱ्या दिवशीचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशी चालणाऱ्या खटल्यांची यादी, न्यायालयांच्या ई-कोर्ट्स ॲपवर दिसतो, पक्षकारांची नावं असतात. मी आदल्या संध्याकाळी पाच मिनिटं घालवून तो माझ्या यादीशी पडताळायला हवा होता. लहान तालुक्यात शाळेतली आडनावं आणि बोर्डावरची आडनावं तीच असतात. समितीकडूनही कुणी हे सुचवलं नाही, पण त्यांना आमच्या मुलांची घरं ठाऊक नाहीत. मला आहेत.

दुपारच्या सुट्टीनंतर मॅडमनी रिकाम्या दालनात आम्हाला अर्धा-पाऊण तास दिला. आधी प्रश्न. "तुम्ही फाशी देऊ शकता का?" हा अपेक्षित होताच. त्या म्हणाल्या, "नाही रे. न्यायदंडाधिकारी म्हणून मला जास्तीत जास्त तीन वर्षांची कैद देता येते. फाशी सत्र न्यायालय देऊ शकतं, आणि तीही उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही." उच्च न्यायालय कुठे, तर आता कोल्हापुरातही. १८ ऑगस्ट २०२५पासून तिथे मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालंय. आमच्या भागातल्या पोरांना कोल्हापूर म्हणजे जोतिबा आणि अंबाबाई, यादीत आता हे तिसरं.

मग आमचा खटला. छापील संवाद द्यायचे नाहीत हे मी आधीच ठरवलं होतं. विषय मुलांनी निवडायचा. त्यांनी पहिल्यांदा निवडली वर्गातल्या गणपतीच्या वर्गणीची हरवलेली डबी. मी ती तिथल्या तिथे बाद केली, कारण डबी खरंच हरवली होती आणि संशयित कोण हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. मुलं रुसली. दोन दिवसांनी शेळी घेऊन आली: शेजाऱ्याच्या पांढऱ्या शेळीने मेथीचे दोन वाफे खाल्ले, अठराशे रुपये नुकसानभरपाई द्या. दिवाणी दावा. साक्षीदार तीन, वकील दोन्हीकडे दोन-दोन, शिपाई, क्लार्क, आणि न्यायाधीश म्हणून आठवीतली एक अबोल मुलगी, चिठ्ठीत नाव निघालं म्हणून.

या तयारीला माझे आठ तास गेले, आणि त्यातले सहा एकाच गोष्टीवर: आपल्या साक्षीदाराच्या सरतपासणीत उत्तर सुचवणारा प्रश्न विचारायचा नाही. उलटतपासणीत चालतो, इथे नाही. सांगायला सोपं, करायला महाकठीण. "शेळी पांढरीच होती ना?" असं विचारल्याशिवाय पोरांना राहवत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. माझ्या वर्गातले निम्मे प्रश्न "म्हणजे संसदेची सभागृहं दोन, बरोबर ना?" याच जातीचे असतात, हे मला सरावाच्या वेळी मुलांनीच दाखवून दिलं.

कोर्टात वादीच्या वकिलाने पहिलाच प्रश्न टाकला, "तुम्ही पहाटे पांढरी शेळी पाहिली ना?" मागच्या बाकावर बसलेल्या मॅडम काही बोलायच्या आत समोरची वकील उठली: "हरकत आहे. उत्तर त्यांनीच सांगितलं." न्यायाधीश मुलीने हरकत मान्य केली. वादीचा वकील दहा सेकंद छताकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "तुम्ही... काय पाहिलं?" मॅडमनी तिथे टाळी वाजवली. मुलांसाठी ती अख्ख्या दिवसाची कमाई होती.

उलटतपासणीत निघालं की साक्षीदाराने शेळीचं फक्त मागचं अंग पाहिलं होतं आणि गावात पांढऱ्या शेळ्या अकरा आहेत. निकाल: दावा फेटाळला, शेळी हीच हे शंभर टक्के सिद्ध झालं नाही. यावर मॅडमनी हळूच दुरुस्ती केली. फौजदारी खटल्यात वाजवी संशय उरता कामा नये, हे खरं. पण हा दिवाणी दावा आहे. इथे शंभर टक्क्यांची गरज नाही, कुणाचं म्हणणं जास्त पटण्यासारखं आहे तेवढं बघायचं. मुलगी खुर्चीतून उठली नाही. म्हणाली, "मॅडम, अकरा शेळ्यांतली ही एक. मग ही नसावी हेच जास्त पटतं की." मॅडम क्षणभर थांबल्या, मग खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "कारण चुकलं होतं, निकाल बरोबर आहे. आता कारणही बरोबर झालं." ही मुलगी वर्षभरात माझ्याशी सलग तीन वाक्यं बोललेली नव्हती.

गुण द्यायचेच तर व्याख्यानाला पाचपैकी दोन, प्रत्यक्ष कामकाजाला साडेचार, मॅडमच्या पाऊण तासाला पाच. सोयींना एक, तोही शिपाईमामांमुळे. मुलींसाठी स्वच्छतागृह एकच, त्याला कुलूप, किल्ली कुणाकडे हे कुणालाच माहीत नाही. मामांनी ती अर्ध्या तासात शोधून आणली. पिण्याचं पाणी घरून न्या. मोबाइल गाडीतच ठेवा. आमच्या एका सरांचा फोन पुकाऱ्याच्या मधोमध भजन म्हणू लागला, तो थेट संध्याकाळी परत मिळाला आणि त्या दिवशी शिस्तीवर बोलायची त्यांची पाळी होती. ९ नोव्हेंबरच्या विधी सेवा दिनाला जाऊ नका. त्या दिवशी हारतुरे आणि भाषणं असतात, पुकारा नसतो. साधा कामकाजाचा दिवस मागा. आणि पैसे मोजायची ऐपत असेल तर ते डगल्यांवर न घालवता एसटीवर घाला, एकाऐवजी दोन फेऱ्या होतील.

बांधाच्या वादातला मुलगा पंधरा दिवसांनी आपणहून माझ्याकडे आला. वडिलांच्या पिशवीतल्या एका कागदावरचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक खटल्याला मिळणारा स्वतंत्र क्रमांक, त्याने उतरवून आणला होता. माझ्या फोनवर आम्ही तो ॲपमध्ये टाकला. दाव्याचा टप्पा, मागच्या सगळ्या तारखा, पुढची तारीख, सगळं आलं. त्याने पुढची तारीख वहीत लिहिली आणि विचारलं, "बाई, त्या दिवशी मी पप्पांबरोबर जाऊ? शाळा बुडंल." मी जा म्हटलं.

पुढच्या वर्षीचा अर्ज मी आत्ताच देऊन ठेवलाय. स्वच्छतागृहाच्या किल्लीचा उल्लेख त्यात वेगळा परिच्छेद करून केलाय, आवक क्रमांकही घेतलाय. तारीख अजून मिळायची आहे.