देणग्यांसाठी एआय: चॅटबॉट आणि शीट, की तयार सॉफ्टवेअर?

हजार-दीड हजार देणगीदार, एक हिशेबनीस, दोन कार्यकर्ते आणि मार्चअखेरची धावपळ. अशा संस्थांपुढे आता दोन वाटा आहेत. एक म्हणजे यादी आपल्याच शीटमध्ये ठेवायची आणि आवाहनं, आभारपत्रं, कंपन्यांच्या सामाजिक निधीसाठीचे (सीएसआर) प्रस्ताव यांच्या मसुद्यांसाठी चॅटजीपीटी, जेमिनी किंवा क्लॉडसारखा चॅटबॉट वापरायचा. दुसरी म्हणजे एआय आतच बसवलेलं देणगीदार-व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर घ्यायचं. पुढची देणगी कोण देईल याचा अंदाज बांधण्यापासून स्मरणसंदेश पाठवण्यापर्यंत सगळं ते करतं.

मसुद्यांत चॅटबॉट उजवा ठरतो, पण त्याला नीट जुंपावं लागतं. ‘देणगीसाठी मराठीत पत्र लिही’ एवढंच सांगितलं तर गुळगुळीत, कुठल्याही संस्थेला चालेल असं पत्र मिळतं आणि त्यात कधी कधी अस्तित्वातच नसलेली एखादी विद्यार्थिनीही येऊन बसते. म्हणून आधी कच्चा माल द्यायचा: काम कोणतं, कुठे, खर्च किती, तूट किती. आपलीच दोन जुनी चांगली पत्रं नमुन्याला जोडायची. दिलेल्या माहितीबाहेरचं एकही नाव, आकडा किंवा प्रसंग घालायचा नाही आणि वाचकाला सगळीकडे ‘आपण’ म्हणायचं, हे स्पष्ट लिहायचं. नाहीतर तिसऱ्या परिच्छेदात ‘तुम्ही’ डोकावतं. कॅलेंडरही सांगावं लागतं. तो वर्षअखेरचं आवाहन सहज डिसेंबरचं धरतो. आपल्याकडे ८०जीची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची, घाई ३१ मार्चची. दान उत्सव (२ ते ८ ऑक्टोबर), दिवाळी आणि फेब्रुवारी-मार्च हे आपले हंगाम. सीएसआर प्रस्तावात कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टातला कोणता मुद्दा लागू होतो, हे तो चटकन जुळवून देतो. अंदाजपत्रकाची बेरीज मात्र शीटमध्येच करावी.

सॉफ्टवेअरची बाजूही भक्कम आहे. पावत्या आपोआप निघतात, मासिक देणगीसाठी यूपीआय ऑटोपे जोडता येतो, व्हॉट्सॲपवर मंजूर टेम्प्लेटमधून संदेश जातात. साध्या नंबरावरून शेकडो संदेश पाठवले की तो नंबर बंद होण्याची भीती असते, ती इथे बरीच कमी होते.

तरीही माझं पारडं शीटकडे झुकलं ते नावांच्या घोळामुळे. एकच देणगीदार पावतीपुस्तकात ‘सौ. मंगला जोशी’, पॅनवर ‘मंगला अनंत जोशी’, एनईएफटीच्या नोंदीत ‘जोशी मंगला ए’. यूपीआयने दिले की कधी ते मुलाच्या खात्यातून येतात आणि हाती फक्त त्याचा आयडी राहतो. सॉफ्टवेअरला या चार व्यक्ती दिसतात. मग पावतीपुस्तकातल्या मंगलाताई त्याच्या लेखी दोन वर्षांपूर्वीच थांबलेल्या असतात. त्यांना ‘पुन्हा आमच्याशी जोडले जा’ असा संदेश आपोआप जातो आणि गेल्याच महिन्यात दहा हजार दिलेल्या बाई फोन करून विचारतात, ‘माझे पैसे पोचले नाहीत का?’ वर्षानुवर्षं जपलेला विश्वास अशा एका संदेशाने दुखावतो. उलटा घोळ आणखी महागात पडतो. एका पत्त्यावर राहणारे, एकाच आद्याक्षरांचे वडील-मुलगा एकत्र जोडले गेले, की प्राप्तिकर खात्याकडे भरायच्या १०बीडी या देणग्यांच्या विवरणपत्रात देणगी चुकीच्या पॅनवर चढते आणि देणगीदाराला द्यायचं १०बीईचं प्रमाणपत्रही चुकीच्या नावाने निघतं. हे विवरण ३१ मेपर्यंत भरायचं असतं आणि उशीर झाला की दिवसाला २०० रुपये शुल्क लागतं. म्हणजे दुरुस्ती करायची ती ऐन एप्रिल-मेमध्ये.

दुबार नोंदी शोधण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, हे मान्य. पण नाव-आडनावाच्या आपल्या उलटसुलट क्रमापुढे आणि देवनागरी-रोमन मिसळीपुढे ती अडखळते, असा माझा तरी अनुभव आहे.

शीटमध्ये हे काम डोळ्यांसमोर होतं. प्रत्येकाला कायमचा क्रमांक द्यायचा, समजा दे-०४१७. दुसऱ्या टॅबमध्ये त्याची सगळी रूपं नोंदवायची: नावाची स्पेलिंगं, यूपीआय आयडी, कुटुंबातलं कोण कुणासाठी भरतं. दर आठवड्याला बँकेचं स्टेटमेंट उतरवून व्हीलुकअपने (यादीतून जुळणारी नोंद शोधणारं शीटचं सूत्र) क्रमांक लावायचे. जे जुळत नाहीत त्यांची फक्त नावं चॅटबॉटला देऊन संभाव्य जोड्या कारणांसह मागायच्या, निर्णय हिशेबनिसाचा. पॅन, पत्ता, मोबाइल चॅटबॉटला कधीच द्यायचे नाहीत. आपलं संभाषण प्रशिक्षणासाठी वापरण्याचा पर्यायही सेटिंगमध्ये आधी बंद करायचा. पत्रांच्या मसुद्यासाठी क्रमांक, शेवटची तारीख, रक्कम आणि उपक्रम एवढं पुरतं; नाव शेवटी मेल मर्जने, म्हणजे यादीतली नावं पत्रांत आपोआप भरणाऱ्या सोयीने, घालावं.

देणगीच्या अंदाजाचं आकर्षण छोट्या संस्थेने फार धरू नये. निम्म्याहून अधिक लोकांनी एकदाच दिलेलं असेल, तर अंदाज बांधणाऱ्या एआय मॉडेलला शिकायला काही उरत नाही. ते शेवटची तारीख, किती वेळा आणि किती रक्कम यांवरूनच प्रत्येकाला गुण देऊन दाखवतं. तेच शीटमधल्या मॅक्सइफ्स, काउंटइफ्स आणि समइफ्स या सूत्रांच्या तीन रकान्यांत मिळतं, आणि एखाद्याला फोन का करायचा हे कार्यकर्त्याला समजतंही.

मासिक देणगीदार शेकड्यांत असतील, यादीवर एकाच वेळी चार-पाच जण काम करत असतील, किंवा नावं जुळवण्यात आठवड्याचा अख्खा दिवस जात असेल, तर सॉफ्टवेअर घ्यावंच लागेल. तेव्हाही विक्रेत्याच्या नमुना-यादीवरचा डेमो पाहून ठरवू नका. आपल्या यादीतल्या पन्नास ओळी, नावं आणि पॅन बदलून, त्याला द्या. त्यात एकाच माणसाची चार रूपं आणि एकाच घरातले दोन वेगळे देणगीदार मुद्दाम ठेवा. काय जोडलं, काय चुकून जोडलं आणि चुकीची जोडणी उलटवता येते का, हे समोर बसून पाहा. नावांच्या वेगवेगळ्या रूपांसह सगळा इतिहास सीएसव्हीमध्ये (कुठल्याही शीटमध्ये उघडणारी साधी फाइल) परत काढता येतो का, हेही त्याच बैठकीत करून दाखवायला सांगा.